लग्नाच्या तयारीत घरच्यांना सामील कसं करून घ्यायचं

लग्न ठरलं की घरातला प्रत्येकजण "काही लागलं तर सांग हं" म्हणतो आणि अगदी मनापासून म्हणतो, पण आपण "हो हो, सांगते" म्हणून विषय संपवतो आणि शेवटच्या आठवड्यात रात्री जागून एकटेच याद्या तपासत बसतो. तिकडे मामी म्हणते, आम्हाला कुणी विचारलंच नाही. दोघांचंही बरोबर असतं. माझं मत सांगायचं तर घरच्यांकडे नुसती मदत मागू नका, एकेक काम पूर्ण सोपवा, त्यातला निर्णयही त्यांनाच घेऊ द्या.

१. आधी तुम्ही दोघंच बसा
कुणालाही फोन करायच्या आधी दोघांनी वेगवेगळ्या कागदावर आपल्याला हवेतच असे ३ मुद्दे लिहा, मग कागद बदलून वाचा आणि त्यातलं काय पक्कं ते ठरवा. जे पक्कं झालं त्यावर कुणाचं मत मागायचं नाही, "हे आम्ही ठरवलंय" एवढं सांगायचं, बाकी सगळं खुलं. आधीच ठरलेल्या गोष्टीवर उगाच "तुम्हाला काय वाटतं" विचारलं आणि मग ऐकलंच नाही तर माणूस जास्त दुखावतो, त्यापेक्षा न विचारलेलं परवडतं.

२. पैशाचं लवकर बोला
अवघड वाटतं म्हणून सगळे हे पुढे ढकलतात आणि तिथेच घोळ होतो. प्रत्येक घराशी वेगळं बोला, चारचौघात नाही. ३ प्रश्न पुरे आहेत: किती देणं सहज जमेल, कधीपर्यंत, आणि ते पैसे कुठल्या ठराविक खर्चासाठी आहेत का. जो पैसे देतो त्याला थोडंफार बोलायचंही असतं, त्यात वावगं काही नाही, म्हणून रक्कम एखाद्या खर्चाशी जोडून टाका, म्हणजे काकांनी फोटोग्राफरचा खर्च उचलला तर फोटोग्राफर निवडताना काका सोबत असतील पण हॉल कुठला हे त्यांनी ठरवायचं नाही. एकूण बजेटमधले १० टक्के बाजूला ठेवा, ऐनवेळचे खर्च निघतातच. आणि कुणी किती दिले हे फॅमिली ग्रुपवर कधीही येता कामा नये, ज्याला जमलं नाही त्याला उगाच कानकोंडं होतं.

३. पाहुण्यांची यादी
सगळ्यात जास्त रुसवेफुगवे इथे, त्यामुळे इथे वेळ द्या. आधी जागेत किती माणसं आरामात मावतात तो आकडा घ्या आणि त्याचे ३ भाग करा, एक तुमच्या घरचा, एक जोडीदाराच्या घरचा, एक तुम्हा दोघांच्या मित्रमंडळींचा. समजा २४० माणसं मावतात तर प्रत्येकी ८०. त्या ८० मध्ये कुणाला बोलवायचं हे ते ते घर ठरवेल, तुम्ही मध्ये पडायचं नाही. मोजताना घरं मोजू नका, डोकी मोजा, कारण "जोशी कुटुंब" अशी एक ओळ लिहिली की ती २ माणसं पण असू शकतात आणि ७ पण.

यादी गुगल शीटमध्ये ठेवा: नाव, किती जण, कुणाकडून, फोन, आमंत्रण गेलं का, येणार का. कुणी चुकून ओळ उडवली तरी व्हर्जन हिस्ट्रीतून, म्हणजे शीटच्या आधीच्या प्रतींतून, परत मिळते. पण आजीला शीट उघडायला लावू नका, तिच्याजवळ बसा, तिची जुनी फोनची डायरी उघडा आणि ती एकेक पान उलटत नावं सांगेल तशी तुम्ही टाईप करा. ती मध्येच थांबून सांगेल की हा पत्ता बदललाय, ह्यांना जिने चढवत नाहीत, ह्या दोन घरांचं आपसात बोलणं नाही. ही माहिती दुसऱ्या कुणाकडेच नसते आणि बसायची व्यवस्था करताना हीच लागते.

४. कामं माणूस बघून द्या
"तू काय करशील?" असा मोकळा प्रश्न नको, २ कामं समोर ठेवा आणि निवडू द्या. काम देताना नक्की काय, कुठल्या तारखेपर्यंत, किती पैशात आणि अडलं तर कुणाला विचारायचं हे एकदाच सांगा, मग रोज विचारत बसू नका. तुमच्या मनासारखं १०० टक्के होणार नाही, चालेल.

एक काम हमखास राहून जातं ते म्हणजे फॅमिली फोटो. फोटोग्राफर नातेवाईकांना ओळखत नाही. दोन्हीकडचे चेहरे ओळखणारी आणि मोठ्याने हाक मारायला न लाजणारी एक आतेबहीण किंवा चुलतभाऊ शोधा, कुणासोबत कुणाचा फोटो ही यादी क्रमाने लिहून तिच्या हातात द्या. म्हातारी माणसं आणि लहान मुलं सगळ्यात आधी घ्या, म्हणजे त्यांना ताटकळावं लागत नाही. एका ग्रुप फोटोला माणसं गोळा करण्यासकट ३-४ मिनिटं धरा, म्हणजे १५ फोटो म्हणजे जवळजवळ १ तास, त्या हिशोबाने यादी कापा.

लांब राहणाऱ्यांना फोनवरची कामं द्या, कोण येणार नाही येणार हे विचारणं त्यांना छान जमतं. मुलांना छोटं पण खरं काम द्या. आईवडील वेगळे राहत असतील तर दोघांना एकाच मीटिंगला बसवू नका, वेगवेगळी कामं द्या आणि कुठे बसायला आवडेल ते प्रत्येकाला आधीच एकट्यात विचारा.

५. ग्रुप कमी ठेवा
व्हॉट्सॲपवर २ ग्रुप पुरतात. एक सगळ्यांसाठी, ज्यात फक्त ॲडमिन मेसेज टाकतील, आणि दुसरा काम करणाऱ्यांचा. मत हवं असेल तर पोल टाका, नाहीतर २०० मेसेजमध्ये उत्तर सापडत नाही. जे ठरलं ते पिन करून ठेवा.

६. नाही म्हणायची वेळ येतेच
नियम एकच, आपल्या घरच्यांशी आपणच बोलायचं, सुनेने सासूला किंवा जावयाने सासऱ्यांना नकार कळवायचा नाही. फोनवर बोला, मेसेजवर नको. "आत्या, तुझी आयडिया आम्ही दोघांनी नीट बोलून बघितली, ती जमणार नाही, पण स्वागताचं सगळं तुझ्याकडे द्यायचंय, घेशील?" नकार पहिल्या वाक्यातच स्पष्ट हवा. "बघू" म्हटलं की समोरचा हो समजतो.

७. त्या दिवशी
तुम्ही दोघं आणि चारही आईवडील सोडून एकजण निवडा ज्याच्याकडे सगळे फोन जातील. सगळ्यांचे नंबर, कुणाचे किती पैसे द्यायचे राहिलेत आणि वेळापत्रक, हे त्याला आदल्या दिवशी छापील द्या आणि समोर बसून एकदा वाचून घ्या. मोबाईलची बॅटरी संपते, म्हणून एक कॉपी त्याच्या खिशात आणि एक दुसऱ्या घरच्या कुणाकडे तरी.