फिशटँकचा स्टँड घरी बनवताय? आधी वजन काढा

क्रॉफर्ड मार्केटमधून टँक आणायच्या आधी हे वाचा. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक म्हणजे काठोकाठ जवळपास १९० लिटर पाणी, म्हणजे १९० किलो, वर काच आणि खडी धरली की २५० किलोच्या आसपास जातं, एवढं वजन टीव्ही युनिटवर अजिबात ठेवू नका प्लीज! त्यात पार्टिकल बोर्ड असेल तर आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात तो दमटपणानेच फुगतो, वर पाणी सांडलं की संपलंच.

फ्रेमला २ बाय ३ इंचाची सागाची पट्टी घ्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं, वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे, नुसती बाजूने स्क्रू मारून लटकवायची नाही, कारण मग सगळं वजन स्क्रूवर येतं, खरं तर ते लाकडातून सरळ खाली जमिनीत उतरायला हवं, स्क्रूचं काम फक्त जोड धरून ठेवायचं. मागे पूर्ण प्लाय ठोका, नाहीतर स्टँड आडवा झुलतो, हे बरेच सुतारसुद्धा विसरतात. वर १८ एमएमचा मरीन प्लाय टाका, आयएस ७१० (म्हणजे मरीन प्लायचं, पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) शिक्का बघूनच घ्या, कापलेल्या कडांना पण रंग मारा, पाणी तिथूनच शिरतं.

सपाट काचेच्या तळाखाली थर्माकोल ठेवा. अर्धा टँक भरून लेव्हल बघा, हललेली वाटली तर रिकामा करूनच पायाखाली पाचर घाला, भरलेला टँक कधीच सरकवू नका.