सॉफ्टनरचा व्हॉल्व्ह उघडताय? आधी या चुका टाळा

घरातले सगळे नळ बंद आहेत, तरी सॉफ्टनरच्या, म्हणजे जड (क्षारांचं) पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या, ड्रेन पाइपमधून बारीक धार चालूच आहे. किंवा मिठाची टाकी काठोकाठ भरली आहे. किंवा मीठ नेमाने संपतंय, पण बाथरूमच्या नळांवर पांढरे डाग पुन्हा धरू लागलेत. अशा वेळी ‘व्हॉल्व्ह गेला, नवीन टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो. बहुतेकदा व्हॉल्व्ह गेलेला नसतो. आतले रबरी सील, पिस्टन किंवा एखादी ओ-रिंग (रबरी कडं) झिजलेली असते आणि ती घरी बदलता येते. पुष्कळदा तर काहीच झिजलेलं नसतं, नुसती घाण अडकलेली असते. म्हणून व्हॉल्व्ह उघडण्याआधी केलेली तपासणी मला प्रत्यक्ष दुरुस्तीपेक्षा महत्त्वाची वाटते.

इथे मुख्यतः पिस्टनच्या व्हॉल्व्हबद्दल लिहितो आहे. फ्लेक ५६०० हा त्यातला बराच प्रचलित प्रकार. त्यात एका नळकांड्यात सील आणि स्पेसर (सीलमध्ये अंतर ठेवणारी कडी) एकाआड एक बसवलेले असतात आणि त्यांच्या मधून पिस्टन पुढे-मागे सरकतो. पिस्टन जिथे थांबेल त्याप्रमाणे पाणी घरात जातं, ड्रेनला जातं किंवा मिठाचं पाणी ओढलं जातं. ऑटोट्रोलच्या काही व्हॉल्व्हमध्ये पिस्टन नसतोच. तिथे कॅमशाफ्ट फिरतो आणि छोट्या झडपा उघड-बंद होतात. रनशिनच्या व्हॉल्व्हमध्ये दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर फिरतात. मॉडेल न बघता ‘सॉफ्टनरचं सील किट’ मागवलं की पैसे पाण्यात जातात. व्हॉल्व्हवरच्या पट्टीचा फोटो काढा आणि त्यावरूनच सुटे भाग मागवा.

ड्रेनला पाणी दिसलं की सील झिजलं असं धरून चालणं

आधी व्हॉल्व्हचा काटा किंवा डिस्प्ले बघा. तो नेहमीच्या, म्हणजे ‘सर्व्हिस’च्या जागी आहे का? रीजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याने सॉफ्टनर पुन्हा कामाला तयार करणं, चालू असताना लाइट गेली तर पिस्टन मध्येच थांबतो आणि लाइट येईपर्यंत पाणी ड्रेनला वाहत राहतं. साध्या घड्याळाच्या टायमरवर वेळही मागे पडते. मग रात्री दोनला व्हायचं रीजनरेशन सकाळी आंघोळीच्या वेळी सुरू होतं आणि घरात अचानक जड पाणी येतं. यात झिजेचा काही संबंध नाही, वेळ पुन्हा लावली की झालं.

काटा सर्व्हिसवर आहे, सगळे नळ बंद आहेत आणि तरी ड्रेनला पाणी येतंय, तर मात्र संशय पिस्टन आणि सीलवर घ्यायचा. बायपास करून बघा, म्हणजे पाणी सॉफ्टनरला वगळून सरळ घरात जाऊ द्या. धार थांबली तर गळती व्हॉल्व्हच्या आत आहे. हे काम पुढे ढकलू नका. मिनिटाला अर्धा लिटर धार असली तरी दिवसाला ७२० लिटर पाणी वाया जातं, आणि जिथे टँकर विकत घ्यावा लागतो तिथे ते फार जड पडतं.

मीठ ओढत नाही म्हणून थेट इंजेक्टर बदलणं

आपल्याकडे ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तिचं कारण बहुधा गच्चीवरच्या टाकीत असतं. इंजेक्टर म्हणजे एक बारीक भोक. त्यातून पाणी जोरात गेलं की ओढ तयार होते आणि मिठाचं पाणी आत येतं. त्यासाठी प्रेशर लागतं. फ्लेकच्या व्हॉल्व्हला किमान २० पीएसआय, म्हणजे साधारण १.४ बार. १० मीटर उंचीवरच्या टाकीतून साधारण १ बार मिळतो. बंगल्याच्या गच्चीवरची टाकी सॉफ्टनरपेक्षा पाच-सहा मीटरच वर असेल, तर नवाकोरा इंजेक्टरही मीठ ओढणार नाही. सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा त्रास आधी होतो, कारण टाकी त्यांच्या डोक्यावरच असते. इथे उपाय प्रेशर पंप आहे, सुटा भाग नाही.

प्रेशर ठीक असेल तर व्हॉल्व्ह मीठ ओढण्याच्या टप्प्यावर आणा, मिठाच्या टाकीकडून येणारी नळी व्हॉल्व्हपाशी सोडा आणि तोंडावर बोट धरा. बोट ओढलं गेलं तर इंजेक्टर चांगला आहे. मग नळीतली हवेची गळती शोधा किंवा टाकीत मिठाचा कडक थर जमलाय का ते बघा. ओढ नसेल, उलट पाणीच बाहेर येत असेल, तर इंजेक्टर किंवा ड्रेनची वाट तुंबली आहे. मिठाची टाकी भरून जाण्यामागेही अनेकदा हेच असतं.

इंजेक्टर साफ करताना त्यात सुई किंवा तार घालू नका. भोक जरासं मोठं झालं की मीठ ओढण्याचं मापच बदलतं. इंजेक्टर आणि त्याची जाळी कोमट पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर घालून भिजवा आणि मग फुंकून किंवा पाण्याच्या धारेने मोकळे करा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड इथे अजिबात नको.

जाळीत वारंवार चिखल सापडत असेल तर दोष मिठाचाही असू शकतो. मिठागरातलं खडे मीठ स्वस्त पडतं, पण त्याबरोबर मातीही येते. गोळ्यांच्या रूपातलं शुद्ध मीठ वापरा.

स्क्रू ड्रायव्हरने सील उकरणं

पिस्टन काढण्याआधी पाणी बायपास करा, व्हॉल्व्ह हाताने बॅकवॉशवर (पाणी उलटं फिरवून टाकी धुण्याच्या टप्प्यावर) फिरवून आतलं प्रेशर सोडून द्या आणि मगच विजेचा प्लग काढा. प्रेशर असताना पिस्टनचं झाकण उघडलं तर ते अंगावर येऊ शकतं.

पिस्टन सरळ ओढायचा, वाकडा करायचा नाही. आतले सील आणि स्पेसर काढायला आकड्यासारखं हत्यार मिळतं आणि नवीन बसवायला दुसरं. ही दोन्ही हत्यारं किटबरोबर मागवा किंवा ओळखीच्या तंत्रज्ञाकडून आणा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागून नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर ओरखडा उमटला, तर नवीन सील बसवूनही तिथून पाणी जात राहतं. थोडक्या खर्चाचं काम मग खरोखरच नव्या व्हॉल्व्हवर जातं.

सील आणि स्पेसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडत जा. फक्त सील बदलून जुना पिस्टन परत घालण्याचा मोह होतो, कारण पिस्टन महाग असतो. पिस्टनवर बोटाचं नख फिरवा. उभी रेघ लागली किंवा वरचा थर उडालेला दिसला, तर तो नवीन सील लवकरच खाऊन टाकेल. दोन्ही एकदमच बदला.

ग्रीस चुकीचं लावणं

घरात गाडीचं ग्रीस, व्हॅसलीन, खोबरेल तेल असं काहीतरी असतंच. त्यातलं काहीही लावू नका. पेट्रोलियमच्या ग्रीसने सीलचं ईपीडीएम रबर फुगतं, पिस्टन अडकतो आणि मोटरवर ताण येतो. पिण्याच्या पाण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीसच वापरा आणि तेही पातळ पुसट. जास्त लावलं तर त्याला वाळू चिकटते.

व्हॉल्व्ह टाकीवरून सरळ उचलणं

पिस्टन आणि सील नवीन टाकले, मीठही ओढतंय, आणि तरी पाणी जडच? मग व्हॉल्व्हच्या खाली, टाकीच्या मधोमध उभ्या असलेल्या पाइपची ओ-रिंग बघा. ती झिजली की आत येणारं जड पाणी रेझिनमधून, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या मण्यांमधून, न जाता थेट बाहेरच्या पाण्यात मिसळतं. ही ओ-रिंग सहज नजरेतून सुटते, कारण तिच्यासाठी अख्खा व्हॉल्व्ह टाकीवरून काढावा लागतो.

तो काढताना मधला पाइपही बरोबर वर येऊ शकतो. पाइप वर उचलला गेला की रेझिन त्याच्याखाली सरकतं आणि मग पाइप पुन्हा तळाला बसत नाही. म्हणून व्हॉल्व्ह फिरवत सैल करा, पाइप खाली दाबून धरायला दुसरा माणूस ठेवा आणि पाइपच्या तोंडावर टेप लावा, म्हणजे रेझिनचे मणी आत पडणार नाहीत.

ड्रेनची रबरी चकती काढून टाकणं

ड्रेनच्या तोंडाशी प्रवाह मोजून सोडणारी छोटी रबरी चकती असते. ‘पाणी जोरात जाऊ दे’ म्हणून ती काढून टाकणारे प्लंबर भेटतात. त्यांना थांबवा. बॅकवॉशला पाणी बेसुमार वाहिलं की रेझिनही ड्रेनला जातं, आणि नवीन रेझिनचा खर्च सील किटपेक्षा कितीतरी जास्त असतो. चकती काढायचीच असेल तर धुवा, आणि तिची कोणती बाजू कुठे होती त्याचा फोटो आधी घ्या. चकतीत पिवळे-तपकिरी मणी सापडले तर टाकीतली जाळी फुटलेली असू शकते, ती आधी तपासा.

सील झिजण्याचं कारण तसंच ठेवणं

रबर कालांतराने झिजतंच. पण वर्ष-दीड वर्षात पुन्हा पुन्हा सील जात असतील तर दोष बहुधा बोअरच्या वाळूचा आहे. वाळूचा कण पिस्टन आणि सीलमध्ये अडकला की प्रत्येक फेरीला ओरखडा पडतो. सॉफ्टनरच्या आधी गाळणीचा फिल्टर बसवा आणि त्याची कॅन्डल वेळेवर बदला. पावसाळ्यात बोअरचं पाणी गढूळ होत असेल तर जास्त लवकर.

सगळं जोडून झालं की पाणी एकदम सोडू नका. बायपास हळूहळू बंद करत सॉफ्टनरमध्ये पाणी येऊ द्या आणि आधी बॅकवॉश चालवा, म्हणजे आतली हवा ड्रेनला निघून जाईल. मग एक पूर्ण रीजनरेशन करा. ते संपल्यावर सॉफ्टनरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी थेंबांच्या टेस्ट किटने तपासा. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत काठिण्य (जडपणा) स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. सॉफ्टनरच्या बाहेर मात्र आकडा त्याहून कितीतरी खाली हवा. आधीचा आणि नंतरचा आकडा जवळपास सारखाच आला तर व्हॉल्व्ह पुन्हा उघडण्याआधी बायपास पूर्ण बंद झालाय ना, ते बघा.