रात्री फोनमध्ये अडकणाऱ्या एमपीएससीवाल्यांनो, झोप अशी परत आणा

अभ्यासिकेतून अकराला रूमवर यायचं, दहा मिनिटं फोन बघू म्हणत कॉटवर आडवं व्हायचं आणि बघता बघता दीड वाजतो, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन) राहणाऱ्या कितीतरी पोरापोरींचं हेच चाललंय.

स्क्रीनच्या उजेडाने झोप जाते म्हणून बरेच जण नाईट मोड लावतात आणि निवांत होतात, पण माझ्या मते उजेडापेक्षा तुम्ही आत बघताय काय, त्याचा त्रास जास्त आहे. आन्सर कीवरून भांडणं, कटऑफचे अंदाज, कुणाची तरी गुलालात न्हालेली निवडीची रील, आणि मग डोळे मिटले तरी डोकं मार्कांची बेरीज करत बसतं. म्हणून पहिलं काम हे करा, टेलिग्रामचे सगळे ग्रुप म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका. आयोगाचं नोटिफिकेशन सकाळी वेबसाइटवर तसंच असतं, रात्री बाराला कळून तुम्ही करणार काय?

मग फोन उशापासून हलवा. प्लग नेमका कॉटपाशीच असेल तर एक्स्टेंशन बोर्ड घ्या आणि फोन दाराजवळ चार्जिंगला लावा, अलार्मला साधं घड्याळ घ्या. घरून अर्जंट फोन आला तर ही भीती खरीये, त्यासाठी डू नॉट डिस्टर्ब लावून आई-पप्पांचे नंबर त्यातून वगळा, त्यांचा कॉल वाजतो बाकी सगळं गप्प. अँड्रॉइडला बेडटाइम मोड आहे, ठरलेल्या वेळी स्क्रीन काळीपांढरी होते, मग रील्सची मजाच जाते.

वीसेक मिनिटं झोप आली नाही तर तळमळत पडू नका, उठा, मंद उजेडात जुन्या नोट्स चाळा (कागदावरच्या, पीडीएफ नाही) आणि पेंग आली की परत पडा. झोपायला कितीही उशीर झाला तरी उठायची वेळ रोज एकच ठेवा, याने सगळ्यात जास्त फरक पडतो. संध्याकाळचा कटिंगही सोडा, कॅफीन कितीतरी तास अंगात राहतं. आणि 7 तास झोपलो तर अभ्यास बुडतो असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा, दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो.

एवढं करूनही दोन-तीन आठवडे झोप नाही, रडू येतंय, किंवा कधीही जगून काय उपयोग असं वाटलं, तर थांबू नका, टेली मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) 14416 वर फोन करा, फुकट आहे, 24 तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. रूममेट असं काही बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, तुम्हीच नंबर लावा आणि फोन त्याच्या हातात द्या.