जंत, हिवताप आणि रक्तातले लोह: या चुका टाळा

हिमोग्लोबिन कमी आले आणि तपासणीत एखादा परजीवीही सापडला, की ‘परजीवीने लोह खाल्ले, आता लोहाच्या गोळ्या द्या’ असा सरळ हिशोब मांडला जातो. अंकुशकृमीच्या बाबतीत तो बराचसा जुळतो. हिवतापाच्या बाबतीत मात्र साफ चुकतो.

जंतांबाबतची पहिली चूक म्हणजे जो दिसतो त्यालाच दोषी धरणे. मुलाच्या शौचात पडलेला लांब, पांढरट जंत बहुधा गोलकृमी असतो आणि तो रक्त पीत नाही, आतड्यातल्या अन्नरसावर जगतो. रक्त पिणारा अंकुशकृमी जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा असून आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटलेला असल्यामुळे सहसा दिसतच नाही. त्याची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली शोधावी लागतात. तो रक्त गोठू न देणारे पदार्थ सोडतो, त्यामुळे त्याने जागा बदलली तरी जुनी जखम काही काळ वाहत राहते. अंकुशकृमीच्या दोन जातींपैकी नेकेटर जातीच्या एका कृमीमुळे दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर, तर अँकायलोस्टोमा ड्युओडिनेलमुळे ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त जाते. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते आणि निरोगी माणूस अन्नातून दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅमच लोह शोषतो. म्हणून सांडलेल्या लोहापैकी काही भाग आतडे परत शोषून घेत असले, तरी दुसऱ्या जातीचे तीस-चाळीस कृमी रोजची आवक संपवायला पुरतात.

अशा वेळी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देऊन थांबणे हीही चूकच, कारण ती कृमी मारते, रिता झालेला साठा भरत नाही. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साधारण तीन महिने लोह चालू ठेवावे लागते, आणि शेतात अनवाणी वावर सुरूच राहिला तर अळ्या पायांच्या कातडीतून पुन्हा शिरतात.

हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीतले बरेचसे हिमोग्लोबिन पचवतो, पण मुख्यतः त्यातल्या अमिनो आम्लांसाठी. मागे उरणारे लोहयुक्त हीम त्याला विषारी असल्याने तो त्याचे काळपट स्फटिक बनवून बाजूला ठेवतो. क्लोरोक्विन हे हिवतापाचे औषध नेमकी हीच प्रक्रिया अडवते. येथे रक्तक्षय होतो तो परजीवी असलेल्या आणि नसलेल्याही पेशी फुटल्यामुळे व अस्थिमज्जा मंदावल्यामुळे. लोह शरीरातच असते, पण संसर्गाच्या काळात यकृतातून वाढलेले हेप्सिडिन हे संप्रेरक साठ्यातले लोह बाहेर पडू देत नाही आणि आतड्यातले शोषणही रोखते. म्हणून तापात दिलेली गोळी बहुतांशी वाया जाते. आधी हिवतापाचा उपचार पूर्ण करावा.

झांझिबारच्या पेम्बा बेटावरील, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोह व फोलिक आम्ल सरसकट दिलेल्या बालकांत मृत्यू व रुग्णालयात दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १२ टक्के अधिक आढळले. त्यावरून हिवतापाच्या प्रदेशात लोहच नको असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते: त्याच चाचणीत जेथे हिवतापाचे निदान व उपचार चोख होते, तेथे लोहाची कमतरता असलेल्या मुलांना फायदा झाला. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही लोह देताना हिवतापाचा प्रतिबंध, निदान व उपचार यांची सोय असावी असाच आहे.

अहवाल वाचताना सर्वाधिक फसवतो तो फेरिटिनचा, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाचा, आकडा. प्रौढांत एरवी १५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या खाली कमतरता मानतात, पण संसर्गात फेरिटिन आपोआप वाढते आणि हीच सीमा ७० धरावी लागते. सोबत सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) नसेल, तर ‘फेरिटिन ४०, म्हणजे लोह पुरेसे’ असे म्हणता येत नाही.

महिनाभर नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन एका ग्रॅमनेही वाढले नाही, तर मात्रा वाढवत बसू नये. चहा लोहाचे शोषण कमी करतो, म्हणून गोळी त्यासोबत घेतली जाते का हे विचारावे, शौचाची तपासणी पुन्हा करावी आणि गडचिरोलीसारख्या, हिवताप व सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार दोन्ही आढळणाऱ्या भागात सिकलसेलची चाचणीही करून घ्यावी.