रेसिंगच्या पोलोत गिअर लिव्हर उंच कसा बसवावा

सहा पॉइंटचा बेल्ट आवळला की खांदे सीटला चिकटतात. रस्त्यावर आपण नकळत थोडं पुढे झुकून तिसरा गिअर टाकतो, ते ट्रॅकवर जमत नाही. म्हणून रेसिंगच्या गाडीत लिव्हर उचलून स्टिअरिंगजवळ आणतात. होंडाने 2001 च्या सिव्हिक टाइप-आरमध्ये तर तो कारखान्यातूनच डॅशबोर्डवर दिला होता.

इथे फोक्सवॅगनची मॅन्युअल पोलो धरून सांगतो. चाकणला बनलेली ही गाडी आपल्याकडच्या रेसिंगमध्ये चांगलीच रुळली आहे. 2010 मध्ये तिच्यासाठी वेगळा पोलो कपही सुरू झाला. तिचे गिअर दोन केबलवर पडतात. एक लिव्हरची पुढे-मागे हालचाल नेते, दुसरी डावी-उजवी. केबलला वळण देता येतं, म्हणूनच लिव्हरची जागा बदलता येते. माझदा मियाटासारखा लिव्हर थेट गिअरबॉक्समधून वर येत असेल, तर ही पद्धत चालणार नाही.

हे काम फक्त ट्रॅकच्या गाडीवर करा. त्याआधी आपल्या क्लासचे, म्हणजे रेसमधल्या आपल्या गटाचे, नियम नीट वाचा, कारण काही क्लासमध्ये एवढ्या बदलावरही गाडी बाद होते.

आधी सीट आणि स्टिअरिंग पक्कं करा, मग लिव्हर. हा क्रम उलटा झाला की सगळं पुन्हा करावं लागतं. ड्रायव्हरला हेल्मेट, हातमोजे घालून बेल्टसकट बसवा आणि पीव्हीसी पाइपचा तुकडा लिव्हर म्हणून धरून जागा ठरवा. न्यूट्रलमध्ये नॉब स्टिअरिंगच्या कडेपासून साधारण वीतभर अंतरावर हवा, आणि तिसऱ्या-पाचव्यालाही कोपर थोडं वाकलेलं राहायला हवं. पाचही गिअर आणि रिव्हर्सच्या जागी नॉब नेऊन बघा: पुढे डॅशबोर्डला, मागे मांडीला लागतो का? स्टिअरिंग पूर्ण वळवून बोटं आपटत नाहीत ना, तेही पाहा. परदेशी तयार किट घेत असाल तर ते डावीकडच्या स्टिअरिंगसाठी नाही ना, याची खात्री करा. आपण डाव्या हाताने गिअर टाकतो, तिथे नॉबचा कल उलट्या बाजूला असतो.

आता बॅटरी काढा. एअरबॅगचा कंट्रोल युनिट मधल्या बोगद्यावर (दोन सीटमधला पत्र्याचा उंचवटा) कन्सोलखाली असतो, तिथे ड्रिल मारायचं नाही.

खरा कस लागतो तो ब्रॅकेटचा, म्हणजे लिव्हर उंचावर धरून ठेवणाऱ्या आधाराचा. केबलचं बाहेरचं आवरण ब्रॅकेटला अडकलेलं असतं. ब्रॅकेट वाकला की तेवढी हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतच नाही आणि गिअर अर्धवट बसतो. निदान 3 मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या, तिरका आधार वेल्ड करा, आणि चार एम-8 बोल्टने बोगद्याच्या पत्र्यावर कसा. खालच्या बाजूने मोठी प्लेट द्या. मूळ लिव्हरचा डबा अख्खा उचलून त्यावर बसवावा, हे उत्तम. पोलोत रिव्हर्सला लिव्हर खाली दाबावा लागतो. ती सोय अशाने शाबूत राहते.

लिव्हर छोट्या अंतरात फिरावा म्हणून अनेकजण खालचा हात, म्हणजे लिव्हरचा खिळीपासून केबलपर्यंतचा भाग, लांबवतात (खिळीपासून नॉबपर्यंत तो वरचा हात). हिशेब असा: वरचा हात 200 मिमी, खालचा 50 असेल तर केबल 25 मिमी सरकायला नॉब 100 मिमी फिरतो. खालचा 60 केला की 83 मिमीतच भागतं, पण जोर 20 टक्के जास्त लागतो आणि सिंक्रोला (गिअर बसण्याआधी वेग जुळवणारी रिंग) वेळ कमी मिळतो. याहून पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

केबल ताणून बसवू नका. आडवं इंजिन अ‍ॅक्सिलरेटरला डोलतं. केबल ताठ असेल तर त्या हिसक्याने गिअर सुटतो. मूळ केबल पुरत नसेल तर लांब करून घ्या. वळणं मोठी ठेवा, आणि एक्झॉस्टवरची उष्णतेची ढाल काढू नका. बोगद्यातलं भोक पत्र्याने बंद करा, म्हणजे धूर आणि आग आत येणार नाही.

मग अ‍ॅडजस्टमेंट. गिअरबॉक्सकडच्या केबलच्या टोकांवर स्प्रिंगच्या कॉलर असतात. त्या ओढून फिरवल्या की केबल मोकळी होते. सिलेक्टर शाफ्ट (गिअरबॉक्सवरचा गिअर निवडणारा दांडा) दाबून लॉक करा, लिव्हर न्यूट्रलमध्ये पिनने अडकवा, कॉलर सोडा, मग दोन्ही लॉक काढा.

इंजिन बंद ठेवून एकाने गिअर टाकावेत, दुसऱ्याने बॉनेटखाली बघावं. गिअरबॉक्सवरचा केबल जोडलेला हात आपल्या शेवटच्या टोकापर्यंत जायलाच हवा. त्याआधी लिव्हर ब्रॅकेटला अडत असेल तर ब्रॅकेट घासा. मग गाडी स्टँडवर चढवून इंजिन चालू ठेवून हेच करा. बोल्टवर पेंटची रेघ मारा आणि पहिल्या सेशननंतर, गाडी गरम असतानाच, रेघा जुळतात का ते तपासा.