युरेल पासची तयारी, आमच्या ताईसाठी

ताई, काल फोनवर तू म्हणालीस की युरोपातल्या रेल्वेचा युरेल पास काढला की झालं, मग मनात येईल त्या गाडीत बसायचं. तर आधी ते डोक्यातून काढ. बाबा वर्ध्याला अपडाउन करायचे तेव्हा खिशात एमएसटी, म्हणजे महिन्याचा पास, असायची, पण म्हणून कोणी त्यांना रिझर्वेशनच्या डब्यात बसू देत होतं का? इथेही तेच आहे बाप्पा, पास म्हणजे भाडं भरलं, सीट मिळाली असं नाही.

आता पास घ्यायचाच का, हे पाहा. रूट एका कागदावर लिहा, एकेका टप्प्याचं साधं तिकीट त्या-त्या देशाच्या रेल्वेच्या साइटवर बघा आणि बेरीज करा, कारण तिकडे लांबच्या गाड्यांचं विमानासारखं असतं, दोन-तीन महिने आधी काढलं तं स्वस्त आणि आदल्या दिवशी काढलं तं डोळे पांढरे. दोनच लांबचे प्रवास असले आणि तारखा पक्क्या असल्या तर पासच्या भानगडीत पडूच नये. नुसतं स्वित्झर्लंड करायचं असेल तर स्विस ट्रॅव्हल पास बरा, त्यात ट्रेन, पिवळ्या पोस्टबस, तलावातल्या बोटी, शहरातल्या ट्राम आणि म्युझियमसुद्धा येतात. पण तुमचे चार देश आहेत आणि कुठे किती थांबायचं ते तुझ्या सासूबाईंचे गुडघे ठरवणार, म्हणून मी युरेल ग्लोबल पास म्हणतो, ३३ देशांत चालतो.

त्यातही दोन प्रकार आहेत, रोजचा सलग आणि फ्लेक्सी. तुम्ही फ्लेक्सीतला एका महिन्यात ७ दिवसवाला घ्या, महिन्याभरातले कोणतेही सात दिवस, आणि दिवस म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा, तेवढ्यात कितीही गाड्या बदला. रात्रीची गाडी बारापूर्वी सुटली आणि बारानंतर मध्ये गाडी बदलायची नसली तर निघाल्याचा एकच दिवस धरतात, बर्थचे पैसे मात्र वेगळे. शहरात फिरायच्या दिवशी पासचा दिवस जाळू नका, पॅरिसची मेट्रो त्यात येतच नाही, आणि म्युनिकला एस-बान, म्हणजे तिथली लोकल, पासात येते म्हणून मी वीस मिनिटांसाठी एक अख्खा दिवस उडवलेला आहे, साधं तिकीट चार-पाच युरोचं असेल.

कोणाला कोणता ते पण आत्ताच लिहून ठेव. धाकटा ९ वर्षांचा, त्याचा पास फुकट, पण मोठ्यांच्या पाससोबत त्याचाही मागवावा लागतो, राहून जातो तो. मोठी १४ ची, तिला यूथ पास, तो २७ पर्यंत असतो. सासूबाईंना ६० च्या वरची सवलत. आणि भाऊजींचा म्युनिकवाला पुतण्या तुमच्यासोबत येणार आहे ना, तो तिकडे राहतो म्हणून त्याला युरेल नाही चालणार, इंटररेल लागेल. इथे पासपोर्ट नाही, राहणं कुठे आहे ते पाहतात. पास मात्र व्हिसा हातात आल्यावरच घ्या, घेतल्यापासून सुरू करायला ११ महिने असतात, घाई काय आहे. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका, पास तपासताना पासपोर्ट मागू शकतात.

आता सीटचं, कारण आमचा दिवस इथेच गेला. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत पास घेऊन सरळ चढता येतं. फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या फ्रेचारोसा, स्पेनच्या आव्हे आणि युरोस्टार, या वेगवान गाड्यांना रिझर्वेशन सक्तीचं, पैसे वेगळे, फ्रान्समध्ये साधारण १० ते २० युरो माणशी आणि युरोस्टारला त्याहून जास्त. आणि पासवाल्यांचा कोटा असतो! आम्ही पॅरिसहून झ्युरिकला जाणार होतो, थेट गाडी चार तासांची, मी म्हटलं आदल्या दिवशी काउंटरवर घेऊ. काउंटरवरच्या बाईंनी काही न बोलता स्क्रीनच आमच्याकडे फिरवला, साधी तिकिटं होती, पासवाल्यांच्या रकान्यात शून्य. मग काय, दुसऱ्या दिवशी पॅरिसच्याच गार द लेस्त स्टेशनवरून बिनरिझर्वेशनची टीईआर, म्हणजे तिकडची साधी गाडी, पकडून पाच तासांत स्ट्रासबूर्ग, तिथून दुसरी टीईआर बासेलला, मग झ्युरिक, आणि वाटेत नॅन्सी स्टेशन येईपर्यंत बायको माझ्याशी बोललीच नाही, नॅन्सीला तिनं चिवड्याचा डबा पुढे सरकवला तेव्हा समजलो की माफ झालं. तुमच्या टीजीव्हीची रिझर्वेशनं पास आला की त्याच आठवड्यात करा, धाकट्याचीसुद्धा, पास फुकट असला तरी सीट फुकट नाही.

पास आता मोबाईलवरच, रेल प्लॅनर नावाच्या ॲपमध्ये. एका फोनमध्ये सगळ्यांचे पास राहतात पण एक पास दोन फोनांत राहत नाही, म्हणून तू आणि भाऊजी वेगळे फिरणार असाल तर पास आधीच वाटून घ्या. गाडीत चढायच्या आधी तो प्रवास ॲपमध्ये टाकून पासला जोडायचा, मग क्यूआर कोड येतो, टीसी तोच स्कॅन करतो. विसरून चढलात तर विनातिकीटच धरतील. ॲपला तीन दिवसांत एकदा तरी इंटरनेट दाखवा आणि पॉवरबँक पर्समध्येच ठेव, वरच्या बॅगेत नको.

स्टेशनची नावं पूर्ण वाचा. अजनीला उतरायचं की नागपूरला, तसंच व्हेनिसचं आहे, मेस्त्रे जमिनीवर आणि सांता लुचिया बेटावर, हॉटेल कुठे आहे ते पाहून उतरा. काही गाड्या मध्येच तुटून अर्धे डबे एका गावाला आणि अर्धे दुसऱ्या गावाला जातात, म्हणून डब्यावरचा बोर्ड पाहूनच बसा. कुली शोधू नका, नसतात, दोन मिनिटांचा थांबा असला तं सामान आधी दारापाशी आणून ठेवावं लागतं, म्हणून माणशी एकच बॅग, आणि ती सासूबाईंना नाही तरी धाकट्याला ओढता यावी एवढी.

स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या स्टेशनला पास फुकट नेत नाही, नुसती सवलत देतो, भाऊजींना हे आधीच सांग. आणि तिथल्याच बर्निना एक्सप्रेस या पर्यटकांच्या गाडीच्या रिझर्वेशनला पैसे घालू नका, त्याच रुळावरून सेंट मॉरिट्झ ते तिरानो साधी लाल लोकल जाते, पासवर चालते, रिझर्वेशन लागत नाही, आणि एक्सप्रेसच्या काचा बंद असतात पण लोकलच्या बऱ्याच डब्यांत खिडकी खाली ओढता येते. वाटेतल्या ब्रुसिओच्या गोल पुलावर गाडी स्वतःभोवतीच वळते, तेव्हा धाकट्याला खिडकीशी बसव आणि त्याची टोपी आधी काढून घे.