तान्ह्या बाळाचे जुलाब आणि जनुकीय चाचणी: या चुका टाळा

लंगोट ओला दिसला की बाळाने शू केली, असंच सगळे धरून चालतात. जन्मजात क्लोराइड डायरिया या जनुकीय आजारात (यात क्लोराइड हा क्षार शीतून वाहून जातो) इथेच फसगत होते. शी इतकी पाण्यासारखी असते की ती शूच वाटते. घरचे निर्धास्त राहतात आणि बाळ सुकत जातं. शंका आली तर लघवीची पिशवी लावून शी वेगळी गोळा करावी. अंगातलं पाणी आणि क्षार भरून काढल्यावरही शीमध्ये क्लोराइड लिटरमागे ९० मिलिमोलच्या वर असेल, तर एसएलसी२६ए३ या जनुकाकडे बोट जातं. जनुकाच्या आधी लंगोट नीट पाहायचा, तो यासाठी.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते चाचणीच्या फॉर्मवर ‘जुलाब’ एवढाच शब्द लिहिणं. एक्झोम चाचणी सुमारे २०,००० जनुकांचे कामाचे भाग वाचते. त्यातल्या असंख्य फरकांमधून नेमका कोणता महत्त्वाचा, हे लॅब लक्षणांवरूनच ठरवते. जुलाब कितव्या दिवशी सुरू झाले? गरोदरपणी गर्भजल जास्त होतं का? आईवडील नात्यातले आहेत का? आधीचं एखादं मूल असंच गेलं का? हे विचारणं जिवावर येतं, पण विचाराच आणि लिहा. तोंडाने काहीही न देता जुलाब थांबतात का, हेही लिहा. मात्र ही तपासणी रुग्णालयातच, शिरेतून सलाईन चालू ठेवूनच व्हायला हवी.

मोठ्यांची ‘लॅक्टोज जीन टेस्ट’ बाळाला करू नका. ती मोठेपणी दूध पचेल का, एवढंच सांगते. लॅक्टेज म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं विकर; त्याची जन्मजात उणीव हा वेगळाच आजार आहे.

फक्त बाळाचं रक्त पाठवणं ही आणखी एक चूक. यातले बरेच आजार आई आणि वडील दोघांकडूनही जनुकाची सदोष प्रत आली तरच होतात. बाळात दोन बदल सापडले, तर ते एकाच प्रतीवर आहेत की दोन वेगवेगळ्या, हे आईवडिलांच्या नमुन्यांवरून कळतं. पुढच्या खेपेला असणारी २५ टक्के शक्यताही मग नेमकी समजावता येते. बाळाला रक्त चढवलं असेल तर तेही लॅबला कळवा.

रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असलेला बदल म्हणजे निदान नव्हे. ‘काही सापडलं नाही’ म्हणजे आजार नाही, असंही नव्हे. जनुकाचा मोठा तुकडा गळालेला असेल तर तो एक्झोममध्ये निसटू शकतो. वर्ष-दोन वर्षांनी तोच डेटा पुन्हा तपासायला सांगा.

आणि रिपोर्टची वाट पाहत उपचार अडवू नका. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज (दुधातल्या साखरेचे दोन घटक) न पचणाऱ्या बाळाचे जुलाब आईच्या दुधाने वाढतात, आणि ओआरएसनेही, कारण त्यातही ग्लुकोज असतं. म्हणून ओआरएस दिल्यावर जुलाब वाढताना दिसले, तर ते मनाने बंद करून घरी थांबू नका. त्याच दिवशी बाळाला रुग्णालयात न्या आणि ही गोष्ट डॉक्टरांना आधी सांगा. फ्रुक्टोजवर आधारलेलं दूध सुरू केल्यावर असं बाळ काही दिवसांतच सावरू लागतं, रिपोर्ट हाती यायच्याही आधी.